शब्दचर्चा: 'चित्रं अप्रतिम' याच्या पुढे काय लिहायचं?

सुपरहिरो कॉमिक्सच्या नव्या अंकांबद्दल मराठीत लिहायला बसलो की माझं गाडं दर वेळी एकाच जागी अडतं. कथानकावर चार परिच्छेद सहज होतात. चित्रांची पाळी आली की 'चित्रं अप्रतिम, रंगसंगती सुंदर' एवढ्यावर भागवतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रगॉटा यांचा 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' सुरू झाला. यातल्या ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, वाडवडिलांची दौलत नाही. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह सुटं होऊन कुऱ्हाडीचं पातं बनतं. ड्रगॉटाने त्याला भिंतीसारखा रुंद काढलाय, आणि या माणसाकडे स्वतःच्या अंगाशिवाय दुसरं भांडवल नाही हे ते खांदे पाहूनच कळतं. असं चित्र समोर असताना मी लिहितो 'अप्रतिम'. चित्रकाराच्या मेहनतीवर हा अन्याय आहे.

म्हणून इथल्या सर्वांना विचारतो: पॅनल, गटर, स्प्लॅश पेज, इंकिंग, रेटकॉन, रीबूट यांना तुम्ही काय म्हणता? आणि अशा लेखाला परीक्षण म्हणायचं की समीक्षा?

* * *

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. परीक्षण म्हणजे परि + ईक्षण, आणि समीक्षा म्हणजे सम् + ईक्षा. दोन्हींच्या पोटात 'ईक्ष्' हा एकच धातू आहे, आणि त्याचा अर्थ पाहणं. म्हणजे ज्या लेखात चित्रांकडे पाहिलेलंच नाही, त्याला यातलं कुठलंच नाव शोभत नाही.

वापरात मात्र फरक पडलाय. नुकतंच आलेलं पुस्तक, नाटक, चित्रपट यांचं आपण परीक्षण करतो. समीक्षेला अभ्यासाचा, काळ उलटल्यानंतरच्या नजरेचा वास येतो. सुमारे वीस पानांचा एक अंक हा मोठ्या गोष्टीचा तुकडा असतो, तेव्हा त्याचं परीक्षण. मालिका पूर्ण झाली, सगळे अंक पुन्हा सलग वाचले, की समीक्षा लिहावी.

'अंक' हाही काय गोड शब्द आहे! आकडा, नाटकाचा भाग आणि नियतकालिकाची एक प्रत, हे तिन्ही अर्थ कॉमिकला लागू पडतात. 'इश्यू' लिहिण्याची गरजच नाही.

* * *

पॅनलला चौकट, संवादाला फुगा, स्प्लॅश पेजला पानभर चित्र. इंकिंगला, म्हणजे पेन्सिलीच्या रेषा शाईने पक्क्या करण्याला, मी शाईकाम म्हणतो आणि लेटरिंगला अक्षरलेखन. 'सुलेखन' नको, त्यात सुंदर अक्षराची अपेक्षा येते आणि इथे कधी कधी अक्षर मुद्दाम वेडंवाकडं हवं असतं.

गटरला, म्हणजे दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेला, कुणी 'पन्हळ' म्हणतं, ते मला पटत नाही. साधी 'फट' पुरे. एका चौकटीत उगारलेली मूठ आहे, पुढच्या चौकटीत खलनायक जमिनीवर. ठोसा कुठे बसला? फटीत. तो चित्रकाराने काढलेलाच नाही, वाचकाने मनात मारलाय. 'फटीत काय घडतं' असं लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, आवाजांचे शब्द. आपल्याकडे धाडकन, काडकन, सप्पकन, खळ्ळकन असा खजिना आहे, पण हे सगळे 'कन'वाले शब्द क्रियाविशेषणं आहेत. त्यांना क्रियापद लागतं: काडकन मोडलं, धाडकन आपटलं. चौकटीत क्रियापदाचं काम चित्र करतं, म्हणून तिथे 'कन' गळून नुसतं 'काड' किंवा 'धाड' उरायला हवं. परीक्षणात तोच प्रसंग सांगताना 'कन' परत येईल.

आणि हे आवाज किरकोळ नसतात. १९७३ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१ व्या अंकात स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते आणि तो जाळं टाकून तिला अडवतो. तिच्या मानेजवळ अगदी लहान अक्षरांत 'स्नॅप' लिहिलंय. ती पडल्यामुळे मेली की त्याच्या जाळ्याच्या हिसक्याने, हा वाद त्या चार अक्षरी इंग्रजी शब्दाने पेटवला. मराठीत मी तिथे 'कट्' लिहीन. 'काड' तिथे फार मोठ्याने वाजेल.

* * *

रेटकॉनला, म्हणजे जुन्या गोष्टीतला तपशील मागाहून बदलण्याला, 'सारवासारव' हा शब्द सुचवतो. आधीच्या लेखकाने लिहून ठेवलेलं अडचणीचं झालं की नंतरचा येऊन सारवतो.

* * *

'सारवासारव' शब्द झकास आहे, पण त्यात ठपका आहे. कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी महायुद्धात मेला, हे १९६४ मध्ये ठरलं. २००५ मध्ये एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी तो मेलाच नव्हता, शत्रूने त्याला मारेकरी बनवलं, असं दाखवलं. त्याने जुन्या गोष्टीचं दुःख आणखी खोल झालं. याला सारवासारव म्हणणं चूक ठरेल. एरवी 'पूर्वकथेतला फेरफार' म्हणावं, आणि फेरफार खरंच लंगडा असेल तिथे सारवासारव राखून ठेवावी.

रीबूटसाठी, म्हणजे जुनं सोडून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यासाठी, आपल्याकडे 'पाटी कोरी करणे' आहेच. फक्त तो सरसकट वापरू नका. पुष्कळदा गोष्ट तीच पुढे चालू असते आणि मुखपृष्ठावरचा आकडा तेवढा पुन्हा एकवर आणलेला असतो. तो झाला नवा क्रमांक, कोरी पाटी नव्हे. नव्या वाचकाला हा फरक सांगणं परीक्षणाचं कामच आहे, कारण 'अंक पहिला' पाहून तो बिचारा सुरुवात समजून मध्येच उडी घेतो.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. लगेच वापरून पाहिलं. डेनिझ कॅम्प आणि हाविएर रोद्रिगेस यांच्या 'अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर'वर (पहिला अंक मार्च २०२५) माझं जुनं वाक्य होतं: 'चित्रं आणि रंगसंगती अप्रतिम.' नवं असं:

'माणसांच्या मनातले विचार इथे फुग्यांत मावत नाहीत, रंगीत धूर होऊन अंगातून बाहेर पडतात. रोद्रिगेस रेखाटन आणि रंग दोन्ही स्वतःच करतो, त्यामुळे रंग हा नंतर चढवलेला साज न राहता गोष्टच सांगू लागतो. रंगसंगती थक्क करणारी आहे.'

* * *

फार छान झालंय. एकच शब्द बदला. संगती म्हणजे जुळणं, आणि इथे रंग मुद्दाम एकमेकांच्या अंगावर धावून जातात. 'रंगयोजना' करा.