एन्लार्जरचा उजेड सगळीकडे सारखा पडत नाही

खानापूरकर: ६×६ सेंमीच्या निगेटिव्हवरून एन्लार्जरने (निगेटिव्हची मोठी प्रतिमा फोटोच्या कागदावर पाडणारं यंत्र) ८×८ इंची प्रिंट काढतोय. चारही कोपरे फिके येतात, डावी बाजू जास्तच. एन्लार्जर कंडेन्सरचा (बल्बचा उजेड निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगांचा), ५० मिमी लेन्स. काय तपासू?

टिळकवाडीकर: आधी लेन्स बदला. ५० मिमी ही ३५ मिमी फिल्मसाठी. ६×६ चे कोपरे तिच्या आवाक्यात येत नाहीत. ७५ किंवा ८० मिमी लावा, लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवा. डावी बाजू मात्र बहुधा बल्ब मध्यावर नसल्यामुळे. निगेटिव्ह न घालता, ५ नंबरच्या (सर्वात कडक कॉन्ट्रास्टच्या) फिल्टरने, कागद मध्यम करडा होईल एवढंच एक्स्पोजर द्या. कडक फिल्टरमुळे बारीक फरकही उघडा पडतो. जिथे फिकं, तिथे उजेड कमी. बल्बची दांडी सैल करून थोडी सरकवा, पुन्हा कागद काढा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, हमखास फसाल.

निपाणीकर: बल्ब दुधी काचेचा, एन्लार्जरचाच हवा. घरगुती बल्बवरच्या छापील अक्षरांची सावली पडते. आणि खानापूरचा पाऊस बघता कंडेन्सरवर बुरशी धरली असेल, खोलून पुसा. दोन भिंगं असतील तर बसवताना फुगीर बाजू समोरासमोर.

खानापूरकर: बल्ब घरगुतीच आहे! ८० मिमी मिळाली की करडा कागद काढून कळवतो.