व्हिज्युअल मर्चंडायझिंगमध्ये जायचंय: आधी कोर्स की फ्लोअरवरूनच? (मदत हवी आहे)

हँगरवाली

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या ब्रँडच्या दुकानात फ्लोअर स्टाफ आहे. बी.कॉम. झालंय, डिझाइनचं शिक्षण शून्य. आमचा व्हीएम (व्हिज्युअल मर्चंडायझर, म्हणजे दुकानातली मांडणी करणारा) क्लस्टरचा आहे, त्याच्याकडे बरीच दुकानं. तो येतो, हेड ऑफिसच्या गाइडलाइनप्रमाणे भिंती लावतो, फोटो पाठवतो आणि पुढच्या दुकानाला पळतो. मधल्या काळात पुतळ्यांचे कपडे बदलणं, टेबलं पुन्हा लावणं हे हळूहळू माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते भलतंच आवडायला लागलं. आता बिलिंगला बसवलं की चिडचिड होते.

हेच काम पूर्णवेळ करायचंय. एका खासगी संस्थेत चौकशी केली तर फी ऐकून बाबा नुसते पंख्याकडे बघत बसले. कोर्सशिवाय या लाइनीत घेतात का? माझी चित्रकला बेताची आहे, ती आडवी येईल का? पोर्टफोलिओ मागतात म्हणे, त्यात मी काय ठेवू? आणि विंडो (दुकानाच्या दर्शनी काचेमागची सजावट) बदलायचं काम मॉल बंद झाल्यावर चालतं, त्यावर आईचा ठाम नकार आहे. कुणी या क्षेत्रात असेल तर प्लीज सांगा.

शंकासुर

लोक कपडे फोनवर घेतात. दुकानं सजवून किती दिवस निघणार? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्या.

रात्रपाळी

शंकासुर, लेन्सकार्ट आणि आपल्या पुण्याचं फर्स्टक्राय दोन्ही ऑनलाइनच सुरू झाले होते. आज दोघांचीही दुकानं गावोगाव दिसतात. ती कुणीतरी लावतंच ना.

हँगरवाली, मी मुंबईत याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोर्स नसला तरी घेतात. इन-स्टोअर व्हीएमच्या जागा बऱ्याचदा फ्लोअरवरच्या चुणचुणीत पोरापोरींमधूनच भरतात, कारण त्यांना माल माहीत असतो. अडतं ते हेड ऑफिसच्या पायरीवर. तिथे विंडोची संकल्पना आणि गाइडलाइन बनतात, आणि तिथे निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या फॅशन कम्युनिकेशनवाल्यांशी गाठ पडते. त्या पदवीची चार वर्षं आता तुम्ही करू नका. पुढे वाटलंच तर निफ्टचं दोन वर्षांचं फॅशन मॅनेजमेंट कोणत्याही पदवीधराला करता येतं, प्रवेश परीक्षा असते, मुंबईचं केंद्र खारघरला आहे. पण ते नंतर. इटलीचे प्रसिद्ध फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून मिलानच्या ला रिनाशेंते या दुकानात लागले ते खिडक्या सजवायच्या कामावरच, साल १९५७. (हे बाबांना सांगायला हरकत नाही, फक्त 'अर्धवट सोडून' गाळा.)

चित्रकलेचं फारसं अडत नाही. स्केचअप हे थ्रीडी आराखडे काढायचं सॉफ्टवेअर शिका, ब्राउझरवर फुकट चालतं. दुकानाचा एक कोपरा टेपने मोजा आणि रॅक, टेबल, पुतळे खऱ्या मापाने त्यात बसवा. जोडीला फोटोशॉप कामापुरतं आणि एक्सेल व्यवस्थित.

एक्सेल म्हटल्यावर नाक मुरडू नका, खरी गोम तिथेच आहे. मुलाखतीला येणारी दहातली नऊ मुलं सुंदर विंडोचे फोटो दाखवतात. 'यामुळे विकलं काय?' विचारलं की गप्प. तुमच्याकडे ते उत्तर आहे, कारण तुम्ही रोज दुकानात उभ्या असता. एखादी लाइन, म्हणजे एका प्रकारचा माल, धरा. समजा कुर्त्यांचे ४० नग आले आणि चार आठवड्यांत २६ गेले, तर सेल-थ्रू (आलेल्या मालातला विकला गेलेला हिस्सा) ६५ टक्के. आता मागच्या भिंतीवर पडून असलेली, न हलणारी एखादी लाइन मॅनेजरच्या परवानगीने पुढच्या टेबलावर आणा, शेजारच्या पुतळ्याला तीच घाला आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्याचे आकडे लिहून ठेवा. मात्र बदल पगाराच्या आठवड्यात केलात तर श्रेय पगाराचं, डिस्काउंट लागला असेल तर श्रेय डिस्काउंटचं. म्हणून जिला हात लावला नाही अशी त्याच किमतीची दुसरी एक लाइन शेजारी मोजा. ती जागच्या जागी आणि तुमची हलली, तर ते तुमचं काम.

पोर्टफोलिओत अशी पाच-सहा कामं पुरेत. प्रत्येकाला आधीचा फोटो, छोटा नकाशा, नंतरचा फोटो, काय बदललं त्याच्या दोन ओळी आणि टक्केवारी. विक्रीचे रुपये आणि कंपनीचा प्लॅनोग्राम (कुठला माल कुठे लावायचा त्याचा नकाशा) त्यात अजिबात नको, ते कंपनीचं असतं आणि समोर बसलेला माणूस मनात म्हणतो, उद्या ही आमचंही दाखवत फिरेल.

मुलाखतीत हातात पुतळा देतात हे लक्षात ठेवा. कमरेच्या वरचा भाग आधी उतरवायचा, पाय उलटे धरून पँट घालायची, मग स्टँडवर उभा करायचा. शर्ट चढेपर्यंत पुतळ्याचे हात काढून बाजूला ठेवायचे. ढगळ कपडा पाठीमागे टाचण्यांनी घ्यायचा, आणि जिथे गिऱ्हाईक मागूनही बघतं तिथे टाचण्या दिसता कामा नयेत. टॅग आत. स्पॉटलाइट कपड्यावर, चेहऱ्यावर नाही. गंमत म्हणजे नापास होणारे बहुतेक जण इस्त्रीवर होतात. स्टीमर न मागता जो घडी पडलेला शर्ट तसाच चढवतो, त्याचं पुढचं फार कुणी बघत नाही.

आणि हो, विंडो हा या कामाचा छोटा भाग आहे. बाकी शिडी, काचेवर चिकटवलेल्या विनाइलचे फुगे काढणं, सनबोर्ड (जाहिरातीचे हलके फोमचे बोर्ड) उशिरा आणणाऱ्या व्हेंडरला फोन, मॉलचा गेटपास, आणि जानेवारी व जून-जुलैचा सेल. सेलच्या आदल्या रात्री अख्खं दुकान लाल होतं आणि तुमची सगळी नजाकत गुंडाळून ठेवावी लागते. हे वाचूनही हुरूप टिकला तर या.

अनघा_वकील

आईंच्या मुद्द्याबद्दल. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती दिली तरी सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी. रात्रीच्या कामाची संमती लेखी द्या आणि त्यातच गाडीचा उल्लेख करून घ्या. 'रिक्षाचे पैसे नंतर देऊ' यावर राजी होऊ नका.

पेठकर

बाळ, सगळे मॉलच सांगतायत म्हणून लिहितो. आमचं पेठेत साड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत पुतळ्याला नऊवारी नीट नेसवणारं माणूस आम्हाला शोधून मिळत नाही. मधे दांडा असलेल्या धडाला काष्टा घालता येत नाही, पाय सुटे असलेला पुतळा लागतो, एवढं कळणारेही थोडे. पैठणी लावायची तर पदरावरचे मोर रस्त्यावरून दिसले पाहिजेत, पण तीच साडी दिव्याखाली फार दिवस ठेवली तर रंग उतरतो आणि एकाच घडीवर राहिली तर जर तुटते. म्हणून ती सारखी बदलावी लागते. सुट्टीच्या दिवशी अशी चार दुकानं धरलीस तर हात बसेल आणि फोटोही तुझे स्वतःचे होतील. फुकट मात्र करू नकोस. आम्ही व्यापारी फुकटच्या कामाला किंमत देत नाही, हे आतलं सांगतो.

हँगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघाताई, ते कलम आईला वाचून दाखवलं. 'गाडी दारापर्यंत' ऐकल्यावर निदान 'बघू' म्हणाली. पेठकर काका, मला सहावारी येते, नऊवारी आजीकडून शिकते.

रात्रपाळी, एकच शंका. मॅनेजर पुढचं टेबल द्यायला तयार नाहीत, ते गाइडलाइनमध्ये ठरलेलं असतं म्हणाले. ट्रायल रूमच्या बाहेरची भिंत घे म्हणतायत. तिथे कुणी बघतं का?

रात्रपाळी

घ्याच! ट्रायल रूमबाहेर सोबतची माणसं ताटकळत उभी असतात, आणि आतला माणूस खरेदीच्या मूडमध्येच असतो. तिथे कपड्यांची गर्दी नको. ओढणी, स्टोल असं ट्रायल न लागणारं काहीतरी ठेवा, साइजचा प्रश्नच नाही. आणि लावण्याआधी फोटो काढा, बहुतेकांचा तोच राहतो.