मुंग्यांची राखण असलेल्या बाभळीवर माकडं खातात तरी कशी?

आंबेवाला_देवगड:
आमच्याकडे आंब्यावर हुमले (चावऱ्या लाल मुंग्या) असले तर चढायचं म्हणजे शिक्षाच, दोनचार मानेत शिरले की माणूस फांदी सोडून खाली येतो. म्हणून विचारतो. केनियातल्या लायकिपियाच्या पठारावर व्हिसलिंग थॉर्न नावाची बाभूळ आहे, काट्यांच्या बुडाशी फुगलेले पोकळ गोळे असतात नि त्यात मुंग्या राहतात, झाडाला धक्का लागला की अंगावर धावून येतात. तरी पाटस माकडं बहुतेक पोट याच झाडावर भरतात म्हणे! मग ती कमी मुंग्यांचं झाड हुडकतात का चावे सोसतात?

रानवेडी:
कमी मुंग्यांचं झाड हा पर्यायच जवळपास नसतो हो, कारण तिथे बहुतेक प्रत्येक झाडावर कुठली ना कुठली वसाहत असतेच. प्रश्न असतो कुठल्या मुंगीचा. चार जाती आहेत नि एका झाडावर साधारण एकीचंच राज्य. क्रेमॅटोगॅस्टर मिमोसी सगळ्यात जास्त झाडांवर असते आणि भयंकर आक्रमक. नायग्रिसेप्सही तापट, शिवाय ती झाडाचे कोंब कुरतडते त्यामुळे त्या झाडाला फुलंच नीट येत नाहीत, म्हणजे पुढे शेंगाही नाहीत. टेट्रापोनेरा पेन्झिगी आक्रमकपणात मधली. आणि स्योस्टेटी राखणीच्या बाबतीत सगळ्यात थंड.

आता तुम्ही म्हणाल मग स्योस्टेटीवालं झाड गाठावं. पण गंमत बघा, ती गोळ्यांत राहतच नाही, भुंगेऱ्याच्या अळ्यांनी खोडात पोखरलेल्या बिळांत राहते. पाटस माकडं गोळे फोडून मुंग्या आणि त्यांची अंडी-अळ्या खातात. म्हणजे जिथे चावे कमी तिथे गोळा फोडून मुंग्यांची पिल्लं मिळत नाहीत, आणि जिथे गोळे भरलेले तिथे मालक चिडका. माकडासाठी मुंगी नुसती राखणदार नाही, तीच जेवण आहे, मला तर हे फार सुंदर वाटतं.

वऱ्हाडी_माती:
त्या पठाराच्या मोठ्या भागात काळी कापसाची माती आहे, आपल्या विदर्भासारखीच, पावसात चिकट नि उन्हात भेगा. त्या मातीवर मोठं झाड म्हणजे जवळजवळ ही एकच बाभूळ, मग दुसरीकडे जाणार कुठे? डिंकही खातात ती, आपण लाडवात घालतो तसाच बाभळीचा डिंक. डिंकातून ताकद आणि मुंग्यांमधून प्रोटीन असा हिशोब बसतो. एका झाडावर घास कमी असतो म्हणून थोडं खायचं, पुढच्या झाडाकडे निघायचं. लांब पायांची माकडं ती, ताशी ५५ किमीपर्यंत पळतात, त्यामुळे विखुरलेलं खाणं परवडतं. आणि थोडाच वेळ थांबल्यावर चावेही कमी बसत असतील असं मला वाटतं.

आंबेवाला_देवगड:
पण मग या मुंग्यांमुळे हत्ती ही बाभूळ टाळतो म्हणे, तो का घाबरतो? एवढं जाड कातडं!

रानवेडी:
सोंडेच्या आतला भाग नाजूक असतो, तिथे मुंग्या शिरल्या की संपलं. २०१० साली छापून आलेल्या प्रयोगात मुंग्या काढून टाकल्या तर हत्तींनी हीच झाडं खाल्ली. माकडाला बोटं आहेत, गोळा तोडून तोंडात टाकता येतो. कोस्टा रिकाच्या सांता रोसामध्ये पांढऱ्या तोंडाची कॅपुचिन माकडंसुद्धा शिंगासारख्या काट्यांच्या बाभळीचे काटे फोडून अळ्या खातात, आणि तिथल्या मुंगीचा डंख तर फारच जहाल.

मला काळजी वाटते ती वेगळीच. लायकिपियात बाहेरून आलेली मोठ्या डोक्याची मुंगी पसरतेय, ती या स्थानिक मुंग्यांना मारून टाकते. राखण गेली की हत्ती झाडं पाच ते सात पट जास्त मोडतात, हे २०२४ च्या अभ्यासात आलंय. पाटस माकडं रात्री झोपतात तीही याच बाभळींवर.

वऱ्हाडी_माती:
म्हणजे गोळ्यातला घास आधी जाणार आणि मागोमाग झाडही. ती मुंगी पसरण्याचा वेग किती आहे, कोणी तिथे जाऊन आलंय का?