‘टाइम टू टाइम’ की ‘टाइम अँड अगेन’?

प्रश्न : सोसायटीतर्फे बिल्डरला इंग्रजीत पत्र पाठवायचंय. गच्चीच्या गळतीबद्दल ‘वुई हॅव कम्प्लेन्ड टाइम टू टाइम’ असं लिहिलंय. सेक्रेटरी म्हणतात, ‘टाइम अँड अगेन’ हवं. फरक काय पडतो?

उत्तर : बराच पडतो, सेक्रेटरींचं ऐका. एक तर मूळ प्रयोग ‘फ्रॉम टाइम टू टाइम’ असा आहे, बोलताना आपण त्यातला ‘फ्रॉम’ गिळतो. दुसरं म्हणजे त्याचा अर्थ वेळोवेळी, अधूनमधून. बिल्डर म्हणेल, अधूनमधून कुरकुरतात, चालायचंच! ‘टाइम अँड अगेन’मध्ये ‘कितीदा सांगायचं’ हा वैताग येतो.

‘फ्रॉम टाइम टू टाइम’ची हक्काची जागा कायद्यात. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १४ पाहा : कायद्याने दिलेला अधिकार एकदा वापरला म्हणून संपत नाही, गरज पडेल तसा पुन्हा वापरता येतो, आणि तिथे शब्द हेच आहेत. ‘ॲज अमेंडेड फ्रॉम टाइम टू टाइम’, म्हणजे ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’, तर जीआर वाचणाऱ्यांना पाठच असेल. तिथे ‘टाइम अँड अगेन’ घातलंत तर सरकार सारखं कायदे बदलतंय असा टोमणा होईल. (तो खरा असला तरी मसुद्यात नको.) याउलट सुप्रीम कोर्टाच्या निकालांत ‘धिस कोर्ट हॅज टाइम अँड अगेन हेल्ड’ हमखास सापडतं. इतक्यांदा सांगूनही खालची कोर्टं ऐकत नाहीत, हा सूर त्यात असतो. शब्दांची जागाही बघा : ‘हॅज’ आणि क्रियापदाच्या मध्ये. तुमच्या वाक्यात शेवटी टाकलंत तरी चालेल.

– आणि ‘अगेन अँड अगेन’? मी तर सगळीकडे तेच ठोकून देतो.

– चूक नाही. पण ते एकाच बैठकीतल्या कृतीलाही चालतं : दार उघडेना म्हणून त्याने बेल ‘अगेन अँड अगेन’ वाजवली. तिथे ‘टाइम अँड अगेन’ म्हटलं तर तो निरनिराळ्या दिवशी येऊन बेल वाजवून गेला असं वाटेल.

– ‘टाइम अँड टाइम अगेन’सुद्धा वाचलंय. छापखान्याची चूक का?

– नाही हो, तेही शुद्धच, जरा जास्त जोर देऊन म्हटलेलं. मात्र बिल्डरशी अजून बोलणं चालू असेल तर नुसतं ‘रिपीटेडली’ लिहा, वैताग झाकला जातो. आणि काहीही लिहिलंत तरी आधीच्या पत्रांच्या तारखा खाली द्याच. त्या नसतील तर ‘कधी, केव्हा?’ असं उलट विचारायला तो मोकळा.