अनुभव धागा : ‘लव्हलेस’चा आवाज आणि त्याची परीक्षणं

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा ‘लव्हलेस’ हा आल्बम ४ नोव्हेंबर १९९१ रोजी क्रिएशन रेकॉर्ड्सने काढला. ज्यांनी तो वाजवायचा प्रयत्न केलाय, त्याचं मिक्स (वाद्यं आणि गायन एकत्र बसवलेलं रूप) उलगडून ऐकलंय किंवा त्यावरची परीक्षणं वाचलीत, त्यांनी इथे लिहावं. नेमकं काय करावं लागतं आणि कुठे फसतं, तेवढंच.

— या आल्बममधला लाटेसारखा डोलणारा गिटारचा आवाज काढायला बहुतेक जण आधी कोरस नाहीतर फ्लँजरचं पेडल (आवाज डोलवणारं पायाखालचं यंत्र) घेतात आणि तिथेच वाट चुकते. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स याने ती लाट हाताने काढलीय. गिटार फेंडरची जॅझमास्टर किंवा जॅग्वार, आणि स्ट्रमिंग करताना (सगळ्या तारा छेडताना) ट्रेमोलोची दांडी, म्हणजे तारांचा सूर वर-खाली करणारी, उजव्या हातातच. दांडी पूर्ण आत खोचू नका. जरा वर आणि सैल राहू द्या. मनगट नेहमीच्या लयीत फिरलं की ती आपसूक हलते. मुद्दाम दाबली तर सर्फ रॉकचा थरथराट येतो. आपली मींड एका सुराची. इथे सगळ्या तारा एकदम ढळतात, आणि प्रत्येक तार वेगळ्या मापाने. म्हणून कॉर्ड ओळखीची वाटते, पण हाती लागत नाही.

— वरच्यात भर. जॅझमास्टरला ११ पेक्षा बारीक गेजचा (जाडीचा) तारांचा सेट लावू नका. ब्रिजमागे (तारा टेकतात त्या घोडीमागे) तारांचा कोन उथळ असतो, जोरात वाजवलं की बारीक तार खाचेतून निसटते. नेकच्या बुडाशी पातळ शिम (आधाराची चकती) घातली की कोन सुधारतो. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारा बसतात ती पट्टी) खाचांत पेन्सिलीचं शिसं घासा, नाहीतर तार अडकते आणि दांडी सोडल्यावर मूळ सुरावर परत येत नाही.

— रिव्हर्बसाठी (आवाज घुमवण्यासाठी) यामाहा एसपीएक्स९० या इफेक्ट यंत्रामधला रिव्हर्स (उलटा फुलत येणारा) प्रकार. यंत्रावरचं मिक्स १०० टक्के, म्हणजे मूळ सिग्नल शून्य; यंत्र अँपच्या (अँप्लिफायरच्या) आधी, गिटारचा टोन उतरवलेला. मूळ सिग्नल थोडा जरी शिल्लक राहिला तरी पिकचा (तारा छेडायच्या चकतीचा) आघात आधी टोचतो आणि फुलणारा आवाज मागून येतो. सगळी मजा जाते.

— घरी मिक्स करणारे गिटारचे वीस थर चढवतात. नको. थर मोजकेच आहेत, जाडी दांडीतून आणि अँपच्या आवाजातून आलीय. थर खरे आहेत ते गायनात: बँडची गायिका बिलिंडा बुचर आणि शील्ड्सचे अनेक टेक (वेगवेगळ्या वेळी गाऊन मुद्रित केलेले) एकावर एक ठेवलेले, म्हणून शब्दांच्या कडा पुसल्या जातात. ड्रमर कॉल्म ओ कीसोइग आजारी असल्याने बरेचसे ड्रम त्याच्याच वादनाच्या सँपल्सवरून (मुद्रित तुकड्यांवरून) रचले, बास शील्ड्सचा.

— परीक्षणांबद्दल. १९९१ मध्ये दुर्लक्ष झालं, ही समजूत खोटी आहे. ब्रिटिश साप्ताहिकांनी कौतुक केलं होतं, आल्बम तिथल्या विक्रीच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेला. फक्त ‘शिखर’ हा शब्द नंतर आला: पिचफोर्क या संगीत संकेतस्थळाच्या नव्वदच्या दशकातल्या सर्वोत्तम आल्बमच्या यादीत १९९९ मध्ये पहिला, २००३ मध्ये दुसरा. रोलिंग स्टोन मासिकाच्या सर्वोत्तम ५०० आल्बममध्ये २००३ साली २१९ वा, २०२० साली ७३ वा. आल्बमच्या ध्वनिमुद्रणावर झालेल्या अडीच लाख पौंड खर्चाचा आकडा प्रत्येक लेखात सापडेल. शील्ड्सने तो नाकारलाय, म्हणून खर्चाच्या कथेवर बेतलेलं परीक्षण जपूनच वाचावं.

— आल्बममधलं शेवटचं गाणं ‘सून’ एप्रिल १९९० मध्येच ‘ग्लायडर’ या ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) आलं होतं. त्या वेळच्या समीक्षकांच्या कानांवर ते दीड वर्ष आधीच पडलेलं होतं. त्यांची परीक्षणं वाचताना हे धरून चाला.