जुनी जिप्सी: उतारावर दुसरा गिअर सुटतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी आणखी काय तपासू?

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ची जिप्सी किंग. १.३ लिटरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, पाच गिअर. शेतावर जा-ये, पावसाळ्यात ओढे, आणि अधूनमधून भोरहून वरंध घाटाने महाड. इंजिन अजून ठणठणीत आहे. दुखणं गिअरबॉक्सचं.

मुख्य तक्रार: उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गिअरचा दांडा खाडकन न्यूट्रलला येतो. चढावर ओढ असताना तोच गिअर मुकाट बसून राहतो. घाटात इंजिनाचा ब्रेक असा मधेच गेला की काय होतं, ते घाटात चालवणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय तिसऱ्यावरून दुसरा टाकताना 'खर्र' होतं. डबल क्लच करून, म्हणजे न्यूट्रलला क्लच एकदा सोडून पुन्हा दाबून, मधे जरा रेस दिली तर आवाज न करता पडतो. आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना हलकी घरघर येते, ती क्लच दाबला की बंद होते.

गावातले मिस्त्री म्हणतात, "खोलत कशाला बसता, भंगारातून आख्खा बॉक्स आणू, दोन दिवसांत गाडी बाहेर." मला ते पटत नाही. त्या बॉक्सची आतली अवस्था कोणी पाहिलीय? एक आजारी काढून दुसरा आजारी बसवायचा!

आतापर्यंत तपासलेलं असं:

क्लच केबलचा आहे, पेडलची ढिलाई साधारण इंचभर. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, जरा थांबलो आणि रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी पितळी रिंग) नसतो, म्हणजे क्लच अर्धवट सुटत असता तर तिथेच ओरडला असता. अजिबात आवाज नाही. क्लच प्लेट बदला म्हणणाऱ्यांनी कृपया हे लक्षात घ्यावं.

इंजिन-बॉक्स ज्यांवर बसतात ती फाउंडेशनची रबरं टॉर्चने पाहिली, पहारीने हलवून पाहिली. फाटलेली नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर, जिप्सीत ट्रान्सफर केस (बॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) वेगळी, मधे छोटा शाफ्ट, त्यामुळे एक सोपी चाचणी करता येते. चाकांना दगड लावले, ट्रान्सफर न्यूट्रलला ठेवली आणि गिअर टाकून क्लच सोडला. गाडी जागेवर, पण बॉक्स, तो शाफ्ट आणि ट्रान्सफरचा पुढचा भाग फिरतोय. घरघर तेवढीच राहिली, नवा आवाज काही नाही, म्हणजे दोष त्या शाफ्टचा किंवा ट्रान्सफरच्या पुढच्या भागाचा वाटत नाही. रस्त्यावर मात्र चौथ्यात आवाज बराच कमी होतो, बाकी सगळ्या गिअरमध्ये येतो. चौथा डायरेक्ट, म्हणजे ताकद सरळ आरपार जाते, त्यात काउंटर शाफ्टवर (बाकीच्या गिअरना फिरवणाऱ्या खालच्या शाफ्टवर) भार नसतो. म्हणून माझा संशय त्याच्या बेअरिंगवर.

तेलाने मात्र काळजी वाढवली. बॉक्समधलं सव्वा लिटर तेल पसरट ट्रेमध्ये काढलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे ओढ्याचं पाणी आत गेलेलं नाही. पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला तर काळी लुकणासारखी पेस्ट चिकटली. या वयाच्या बॉक्समध्ये ती असणारच. पण ट्रे उन्हात तिरका केल्यावर तळाशी सोनेरी चकचक दिसली आणि ती चुंबकाला दाद देईना. पितळ! म्हणजे सिंक्रो रिंगा झिजताहेत. आधीच्या मालकाच्या बिलात डिफरन्शियलचं जीएल-५ तेल (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा) बॉक्समध्येही भरल्याची नोंद आहे. त्यातल्या गंधकाच्या रसायनांचं पितळेशी जमत नाही. आता जीएल-४, ७५डब्ल्यू-९० भरलंय. 'खर्र' थोडं कमी झालं, गिअर सुटणं जसंच्या तसं.

विचारायचं ते एवढंच: दोष स्लीव्ह (सरकून गिअरला शाफ्टशी जोडणारी दातेरी कडी) आणि गिअरच्या दातांचा आहे की दांडा धरून ठेवणाऱ्या गोळी-स्प्रिंगचा, हे न खोलता ओळखता येईल का?

—

प्रतिसाद, घाटवाट: दादा, बऱ्यापैकी ओळखता येतं. मोकळ्या, हलक्या उतारावर दांड्याला नुसता तळहात टेकवा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. हाताला जोरात रेटा बसला तर दात गोल झालेत. पाय काढला की भार दातांच्या उलट्या बाजूवर येतो आणि झिजलेला उतार स्लीव्हला बाहेर ढकलतो. रेटा नाही, खड्ड्यात आपटून नुसताच निसटतो, तर गोळी-स्प्रिंग. दांड्याच्या बुडाची प्लास्टिकची वाटीही बघा, ती गेली की गिअर पूर्ण बसतच नाही.

मूळ लेखक: वाटी आजच पाहिली, शाबूत आहे. तळहात टेकवून पाहिलं, चांगलाच धक्का बसतो. खड्ड्यांचा संबंध दिसत नाही.

प्रतिसाद, घाटवाट: मग दातच. बॉक्स उतरवावा लागणार, पण आख्खा बदलू नका. दुसऱ्याचा गिअर आणि स्लीव्ह जोडीनेच घ्या. एक नवा, एक जुना बसवला तर पुन्हा तेच. सिंक्रो रिंगा, काउंटर शाफ्टची आणि इनपुटची बेअरिंगं, ऑइल सील त्याच खेपेत. स्लीव्हला सरकवणाऱ्या शिफ्टर फोर्कची जाडी मापून घ्या. तोवर दांडा हाताने दाबून धरून गाडी चालवू नका, फोर्क घासून जाईल. आणि उतारासाठी डांबरावर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) लावायचा मोह नको, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही, सगळा ताण शाफ्टांवर येतो. वरंधला सध्या जाऊच नका. गेलातच तर वेग मोडून पहिल्यात उतरा.