मदत हवी आहे: 'कॉनोसर'ला मराठीत काय म्हणाल? (दर्दी लिहिलं आणि फसलो)

मंडळी, एका शब्दापाशी गाडी अडलीये, जरा धक्का मारा.

मी नोकरी सांभाळून भाषांतराची कामं घेतो. सध्या एका चहाच्या डब्यावरचा मजकूर मराठीत करतोय. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे मार्च-एप्रिलमधली पहिली खुडणी, आणि इंग्रजीत लिहिलंय की हा चहा कॉनोसर (connoisseur) मंडळींसाठी आहे, म्हणजे ज्यांना त्यातलं कळतं आणि जे चवीने आस्वाद घेतात त्यांच्यासाठी. मी फार विचार न करता 'खास दर्दी लोकांसाठी' असं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन, ते गुजराती, "भाऊ, आपला चहा पेशंटसाठी आहे का?" गुजरातीत दर्दी म्हणजे रुग्ण हे मला तेव्हा कळलं 😅 तसं बघितलं तर फारसीत दर्द म्हणजे दुखणंच, त्यामुळे सरळ अर्थ त्यांचाच, आपण मराठी लोकांनी तो शब्द मैफिलीत नेऊन बसवला, 'गर्दी खूप होती पण दर्दी कमी' वगैरे.

आता दुसरा शब्द शोधतोय. खवय्या चालत नाही कारण चहा खात नाहीत. चहाबाज म्हटलं की टपरीवर दिवसाला दहा कटिंग मारणारा डोळ्यासमोर येतो (मीच तो), आणि त्याला आलं घालून दुधात खळखळ उकळलेला लागतो, हा चहा तर तीनेक मिनिटं नुसता गरम पाण्यात ठेवून गाळायचा, फिकट सोनेरी, दूध नाही. रसिक म्हटलं की 'रसिक मायबाप' आणि पडदा वर. चोखंदळ मला आवडतो पण बायको म्हणते साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडून एकही न घेणाऱ्या बाईला दुकानदार हेच म्हणतो. शिवाय चोखंदळ माणूस नाकारतो जास्त, त्याला त्यातलं कळतंच असं नाही.

जाणकार अर्थाला सगळ्यात जवळचा. मूळ फ्रेंच शब्दही 'जाणणे' या अर्थाच्या क्रियापदावरूनच आलाय. पण जाणकार कोरडा वाटतो हो, त्यात जीभ नाही. टी टेस्टरसुद्धा जाणकारच की, पण तो चमच्याने सुर्रकन ओढतो, तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो, ते त्याचं काम आहे. मला असा माणूस हवाय ज्याला कळतंही आणि जो शेवटचा घोट पुरवून पुरवून पितो.

गाण्यासाठी आपल्याकडे कानसेन आहे, तसा जिभेसाठी कुठे काही शब्द ऐकलाय का? कोकणात, विदर्भात, खानदेशात, घरात आजी-आजोबा वापरायचे असा कुठलाही चालेल. डब्यावर जागा दोन-तीन शब्दांचीच आहे आणि शुक्रवारी मजकूर छपाईला जातोय. काहीच नाही मिळालं तर 'चहाच्या जाणकारांसाठी' टाकून मोकळा होतो.

आणि हो, 'चहाटळ' सुचवू नका, ते ऑफिसात सुचवून झालंय.